जुन्नर-आंबेगावचा अन्ननकाशा : कशाची नोंद होते, काय सुटतं आणि गावाला काय करता येईल

नारायणगाव परिसरातली निर्यातीची द्राक्षं युरोपात पोचली, तरी पेटी कोणत्या बागेतली हे शोधून काढता येतं. निर्यातीसाठीच्या बागेची कृषी विभागाकडे नोंदणी होते. २००६ पासून 'अपेडा'च्या ग्रेपनेट प्रणालीत बाग, औषधांच्या अंशाचा तपासणी अहवाल आणि पेटी अशी सगळी साखळी जोडलेली आहे. त्याच जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या अंगाला एखाद्या कुटुंबाने वरकस जमिनीत किती नाचणी-वरई केली, पावसाळ्यात किती दिवस रानभाजीवर भागवलं, हे मात्र कोणत्याच पडद्यावर दिसत नाही.

बाजारात जाणाऱ्या मालाची नोंद पक्की आणि घरात खाल्ल्या जाणाऱ्या अन्नाची नोंद कच्ची, अशी दोन्ही तालुक्यांची आजची स्थिती आहे. मोबाइल, उपग्रह आणि ऑनलाइन नोंदींची साधनं गेल्या काही वर्षांत गावापर्यंत आली. ती कोणती, त्यांत काय बसतं, काय सुटतं आणि सुटलेलं गावाला कसं भरून काढता येईल, याची ही माहिती.

दोन तालुके, तीन पट्टे

अन्नाच्या दृष्टीने जुन्नर आणि आंबेगावचे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरळ तीन पट्टे पडतात.

पश्चिमेला सह्याद्रीचा डोंगरी पट्टा. इथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजाच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. धो धो पाऊस, खाचरात भात, उतारावर नाचणी, वरई, खुरासणी. शिवाय जंगलातला हिरडा, रानभाज्या, ओढ्या-जलाशयातले मासे. दोन्ही तालुक्यांतला बराचसा डोंगरी भाग अनुसूचित क्षेत्रात म्हणजे पेसा कायद्याखाली येतो. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय घोडेगावला आहे.

मधला पट्टा धरणाच्या पाण्यावरचा. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणं याच दोन तालुक्यांत आहेत. त्यांचं पाणी इथे ऊस, टोमॅटो, द्राक्ष, कांदा पिकवतं आणि कालव्याने पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं.

पूर्वेला कमी पावसाचा पट्टा. जुन्नरचं आणे पठार, आंबेगावचा लोणी-धामणी भाग. इथे बाजरी, ज्वारी, कडधान्यं आणि जनावरं.

धरणाचं पाणी साठतं पश्चिमेला आणि बाजार भरतो मध्ये. कामासाठी पश्चिमेच्या वाड्यांतली माणसं पूर्वेला उतरतात. त्यामुळे तालुक्याची एकच सरासरी काढली तर ती तिन्हीपैकी एकाही पट्ट्याला धड लागू होत नाही. नकाशा लागतो तो इथेच.

हाताशी असलेली साधनं

*ई-पीक पाहणी.* पिकांची नोंद ही काही नवी गोष्ट नाही. सातबाऱ्यातला गाव नमुना बारा म्हणजे पिकांचीच नोंदवही. ती पूर्वी तलाठी भरत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पीक नोंदवायची पद्धत सुरू झाली. गट क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा. फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही जातात. पीक कर्ज, विमा, हमीभावाची खरेदी आणि नुकसानभरपाई यांसाठी ही नोंद बघितली जाते.

बरेच जण या ॲपमध्ये मुख्य पीक भरून थांबतात. पण मिश्र पिकाची नोंद वेगळी करता येते आणि बांधावरच्या झाडांसाठीही स्वतंत्र पर्याय आहे. भाताच्या खाचराखेरीज वरकसावरची नाचणी, बांधावरचा आंबा, हिरडा, मोह हे सगळं कागदावर आणायचा सर्वांत सोपा रस्ता हाच आहे.

*उपग्रहाची चित्रं.* इस्रोचं 'भुवन' संकेतस्थळ आणि युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट बघायला मिळतात. सेंटिनेल-२ साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातो. धरणाचं पाणी किती ओसरलं, उन्हाळ्यात हिरवळ कुठे टिकली, ऊस किती वाढला हे त्यावर चांगलं कळतं.

*हवामान केंद्रं.* 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळाच्या पातळीवर स्वयंचलित केंद्रं बसली. पाऊस, तापमान, वारा, आर्द्रता यांची नोंद तिथे होते. विम्याच्या आणि अतिवृष्टीच्या निकषांत ती वापरली जाते.

*बाजारभाव.* बाजार समित्यांतली आवक आणि भाव रोजच्या रोज पणन मंडळाच्या संकेतस्थळावर येतात. नारायणगावचा टोमॅटो, ओतूर-आळेफाट्याचा कांदा, मंचरचा भाजीपाला यांचे जुने आकडेही काढता येतात.

*रेशन आणि अंगणवाडी.* रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा लावला की व्यवहाराची नोंद होते. कोणत्या दुकानाला किती धान्य आलं आणि किती वाटलं गेलं, हे पुरवठा विभागाच्या संकेतस्थळावर दिसतं. अंगणवाडीत २०२१ पासून पोषण ट्रॅकर ॲपवर मुलांचं वजन आणि उंची भरली जाते.

भावाचा आकडा कळतो, लागवडीचा उशिरा कळतो

बाजाराची माहिती सर्वांत जास्त आहे, तरीही तिथे एक मोठी फट आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात टोमॅटोला इतका मातीमोल भाव आला की शेतकऱ्यांनी माल फेकून दिला. अनेकांनी बागा मोडल्या. जुलैमध्ये त्याच नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटचा भाव दोन हजार रुपयांच्या पुढे गेला. ज्यांचा प्लॉट उभा होता त्यांचं भलं झालं, पण पुढे लागवड वाढली आणि भाव पुन्हा खाली आले.

भावाचा आकडा मिळतो तो माल बाजारात आल्यावर. शेतकऱ्याला गरज असते ती रोप लावताना, म्हणजे दोन-अडीच महिने आधी. त्या वेळी आपल्या आणि शेजारच्या तालुक्यात किती एकरावर लागवड झाली, हे कळलं तर अंदाज बांधता येतो. ही माहिती पीक पाहणीत आणि रोपवाटिकांच्या बुकिंगमध्ये असते. गावोगावच्या शेतकरी कंपन्यांनी दर पंधरवड्याला फक्त गावाचं नाव आणि लागवडीचं क्षेत्र एकत्र मांडलं, तरी मोठं काम होईल. अर्थात कर्नाटकातलं कोलार आणि आपल्याकडचं नाशिक इथल्या आवकेवरही भाव ठरतो. म्हणून तालुक्याचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

एक ठिपका म्हणजे एक गुंठा

उपग्रहाच्या बाबतीत डोंगरी पट्ट्याचं गणित वेगळं आहे. सेंटिनेल-२ च्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरचा असतो. म्हणजे १०० चौरस मीटर, आपल्या भाषेत जवळजवळ एक गुंठा. सपाटीवरच्या दोन एकर उसात असे ऐंशी ठिपके बसतात आणि चित्र स्वच्छ येतं. डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेलं भाताचं खाचर मात्र कित्येकदा चार-पाच मीटरच रुंद असतं. एका ठिपक्यात भात, बांध, गवत आणि झाडाची सावली सगळं एकत्र मिसळतं. संगणकाला ते भात म्हणून ओळखू येईलच असं नाही.

दुसरी अडचण ढगांची. भाताची आवणी ते पोटरी हा काळ जुलै ते सप्टेंबरचा, आणि त्याच दिवसांत भीमाशंकर-आहुपे भाग ढगात असतो. साध्या उपग्रहाला ढगाखालचं दिसत नाही. रडार उपग्रहाला दिसतं, पण तीव्र उतारावर त्याचं चित्रही वेडंवाकडं होतं.

याचा थेट परिणाम पैशावर होतो. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भातासारख्या पिकांचं सरासरी उत्पादन ठरवताना उपग्रहावर आधारित अंदाजाला ३० टक्के वजन देण्यात आलं. बाकीचं पीक कापणी प्रयोगांवरून. म्हणून कापणी प्रयोगाचा प्लॉट कोणत्या जागी निघतो, रस्त्याकडेच्या सपाट खाचरात की वरच्या उतारावर, याकडे गावाचं लक्ष असलेलं बरं. प्रयोगाच्या वेळी हजर राहून पंचनाम्याचे आकडे पाहता येतात.

पावसाचंही तसंच आहे. सह्याद्रीच्या कड्यापासून काही किलोमीटर पूर्वेला सरकलं की पाऊस झपाट्याने कमी होतो. मंडळात एकच केंद्र असेल तर त्याचा आकडा कड्यावरच्या वाडीला आणि पायथ्याच्या गावाला सारखाच लागतो. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत साधं पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी आकडा वहीत लिहिला, तर निदान फरक दाखवायला पुरावा तयार होतो.

नोंद नसली की काय होतं : हिरड्याचं उदाहरण

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. पश्चिम पट्ट्यात हिरड्याचं मोठं नुकसान झालं. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकायचा आणि त्या पैशांत पावसाळ्याचं धान्य-मीठ-मिरची भरायची, हा इथल्या घरांचा वर्षाचा हिशेब. हिरडा स्वतः कोणी जेवणात खात नाही, पण चूल त्याच्यावर चालते.

नुकसान डोळ्यांना दिसत होतं, पंचनामेही झाले. पण हिरडा नेहमीच्या शेतपिकांच्या यादीत आणि मदतीच्या चौकटीत बसत नव्हता. भरपाईसाठी किसान सभेला आणि हिरडा उत्पादकांना वर्षानुवर्षं मोर्चे आणि आंदोलनं करावी लागली. टोमॅटो किंवा द्राक्षाच्या बाबतीत 'हे पीक आहे की नाही' हा प्रश्नच येत नाही.

यातून निघणारा धडा साधा आहे. कोणाच्या मालकीत किती झाडं, कोणत्या गटात, साधारण किती उतारा, ही नोंद वादळाच्या आधीची हवी. वादळानंतर केलेल्या नोंदीवर शंका घेतली जाते. बांधावरच्या झाडांची ई-पीक पाहणी दरवर्षी करणं याच कारणासाठी महत्त्वाचं आहे.

सातबाऱ्याबाहेरचं अन्न

काही अन्न कोणाच्याच सातबाऱ्यावर येत नाही. जंगल, जलाशय आणि भूमिहीनांची मजुरी यांतून आलेलं अन्न हे या प्रकारातलं. त्यासाठी सामूहिक नकाशा लागतो आणि त्याला कायद्याचा आधारही आहे.

वनहक्क कायदा २००६ नुसार गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा, तसंच पाणवठ्यातले मासे आणि चराई यांचा सामूहिक हक्क मागता येतो. त्या दाव्याला पारंपरिक हद्दीचा नकाशा जोडावा लागतो. पाणवठे, वाटा, देवराई, हिरडा गोळा करण्याच्या जागा, गुरचरण हे सगळं त्यात दाखवायचं असतं. हद्द जीपीएसवर चालत मोजली की नंतर वाद कमी होतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला आणि त्यानंतर तिथल्या ग्रामसभेने बांबूची विक्री स्वतः केली.

जैवविविधता कायदा २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. कुर्डू, चाईचा मोहर, भारंगी, करटोली, फोडशी यांसारख्या रानभाज्या कोणत्या महिन्यात, कोणत्या भागात मिळतात आणि कमी झाल्या का, हे लिहायची ती हक्काची जागा. शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांनी बायफ संस्थेच्या साथीने गावठी वाणांची बीज बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कोणतं वाण कोणाच्या घरी शिल्लक आहे, याची माहिती गोळा केल्याशिवाय असं काम सुरू होत नाही.

आंबेगावात डिंभे धरणाने जुनं आंबेगाव आणि आसपासची जमीन पाण्याखाली गेली. तिथल्या आदिवासी कुटुंबांबरोबर 'शाश्वत' संस्थेने तीन गोष्टींवर काम केलं : जलाशयातली मासेमारी, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवरचं पीक आणि पडकई म्हणजे उतारावर बांध घालून भाताची खाचरं करणं. या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाकडून दिला जाणारा इक्वेटर पुरस्कार मिळाला. गाळपेर जमीन दरवर्षी कुठपर्यंत आणि कोणत्या तारखेला उघडी पडते, हे आता उपग्रहाच्या जुन्या चित्रांवरून वर्षवार मांडता येतं. पेरणीचं नियोजन आणि परवानगीचा अर्ज दोन्हीसाठी ते उपयोगी आहे.

पडकईच्या बाबतीत एक इशारा लक्षात ठेवायला हवा. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणावर बरीच चर्चा झाली. नवीन खाचरं आखताना उतार, पाण्याच्या वाटा आणि दरडीचा धोका यांचा नकाशा आधी पाहणं हे अन्नाइतकंच जिवाशी जोडलेलं काम आहे.

रेशनचं अंतर सरळ रेषेत मोजू नये

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळतं. डोंगरी भागात एका दुकानाला अनेक वाड्या जोडलेल्या असतात. नकाशावर जलाशयापलीकडची वाडी समोरच दिसते, पण रस्त्याने मोठा वळसा पडतो. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वाट बंद. म्हणून दुकान ते वाडी हे अंतर पायी लागणाऱ्या वेळात मांडावं, उन्हाळ्याचं वेगळं आणि पावसाळ्याचं वेगळं. मशीनला रेंज मिळते का, हेही त्याच नकाशावर यावं.

जुनं धान्य संपलेलं आणि नवं यायचं असलेलं, असे पावसाळ्याचे महिने सर्वांत ओढाताणीचे. त्या महिन्यांत अंगणवाडीतल्या मुलांचं वजन कुठे घटतं आणि त्याच वाडीत रेशन उचललं गेलं का, हे दोन आकडे शेजारी ठेवले की अडचण नेमकी कुठे आहे ते दिसतं. अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. तिचा लाभ कोणत्या वाडीपर्यंत पोचतो, तेही याच नकाशात बसतं.

कुटुंब कामासाठी नारायणगाव-मंचर भागात उतरलं असेल तर त्याच कार्डावर तिथल्या दुकानातून धान्य घेता येतं. कायद्याच्या कलम २७ नुसार रेशनच्या नोंदी लोकांना पाहायला खुल्या आहेत, तर कलम २८ मध्ये सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद आहे. ग्रामसभेला आकडे मागायचा अधिकार त्यातून मिळतो.

गावाचा अन्ननकाशा कसा करायचा

जलयुक्त शिवारच्या वेळी झालेली शिवारफेरी बहुतेक गावांना माहीत आहे. तीच पद्धत इथे चालते.

१. गटनकाशाची मोठी प्रत घ्यावी. भूमी अभिलेखाचे नकाशे ऑनलाइनही मिळतात.

२. शिवारफेरीत जाणत्या बाया हव्यातच. रानभाजी, कंद, बियाणं आणि पाणी यांची माहिती त्यांच्याकडे जास्त असते. भूमिहीन आणि कातकरी वस्तीतली माणसंही बरोबर घ्यावीत.

३. जागेबरोबर महिना लिहावा. कोणतं अन्न कोणत्या महिन्यात कुठून येतं, याचं बारा महिन्यांचं कोष्टक करावं. रिकामे महिने लगेच दिसतात.

४. मोबाइलवर नोंद करायची तर कोबोटूलबॉक्ससारखं रेंजशिवाय चालणारं मोफत साधन वापरावं. वाडीत माहिती भरायची आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवायची. नकाशे जोडायला क्यूजीआयएस हा मोफत प्रोग्राम आहे. कॉलेजातली मुलं तो थोड्या सरावाने शिकतात.

५. एका नकाशावर सगळं कोंबू नये. पिकं-झाडं, पाणी, जंगल-मासे, रेशन-अंगणवाडी-बाजार असे चार थर वेगळे ठेवावेत.

६. तयार नकाशा ग्रामसभेत वाचून दाखवावा, चुका दुरुस्त कराव्यात आणि ठरावासह दप्तरी लावावा. एक प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असावी.

माती परीक्षण आणि पिकांच्या सल्ल्यासाठी नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र आहे. वनहक्काच्या कामासाठी घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात जावं लागतं.

काय उघड करू नये

औषधी वनस्पती आणि दुर्मीळ कंदांच्या नेमक्या जागा सार्वजनिक नकाशावर टाकू नयेत. बाहेरचे लोक येऊन उपटून नेतात. कुपोषित मुलांची नावं किंवा घरं कधीच दाखवू नयेत, वाडीवार संख्या पुरेशी आहे. कोणी बाहेरची संस्था किंवा कंपनी माहिती गोळा करायला आली, तर मूळ प्रत गावाकडे राहील आणि वापर कशासाठी होईल हे लेखी घ्यावं.

आता लगेच करण्यासारखं

खरिपाची ई-पीक पाहणी गेल्या काही वर्षांत साधारण १ ऑगस्टपासून सुरू होते आणि १५ ऑगस्टला ग्रामसभा असते. या पंधरवड्यात प्रत्येक घराने भाताबरोबर नाचणी, वरई आणि बांधावरचा हिरडा नोंदवला, आणि किती जणांची नोंद झाली तो आकडा ग्रामसभेत वाचला, तर अन्ननकाशाचा पहिला थर तयार झाला असं समजायला हरकत नाही. जंगल, जलाशय आणि रेशनचे थर त्यावर पुढच्या सभांमध्ये चढवता येतील.